एका फांदीला किती वेळा हात लागतो

जमीन साफ करणे म्हणजे कापणे, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. कोयत्याला धार लावायची, कुऱ्हाडीचा दांडा घट्ट आहे ना ते पाहायचे, करवतीची साखळी ताणून घ्यायची, अशी माझी सगळी तयारी कापण्याचीच असे. प्रत्यक्षात कापणे चार दिवसांत उरकायचे आणि पुढचे तीन आठवडे कापलेले हलवण्यात जायचे. अशाच एका कंटाळवाण्या दुपारी मी एका फांदीला किती वेळा हात लागतो ते मोजले. तोडताना एकदा धरली, बाजूला टाकताना दुसऱ्यांदा, पुढच्या झुडपाच्या वाटेत येते म्हणून सरकवताना तिसऱ्यांदा, ढिगापर्यंत ओढत नेताना चौथ्यांदा, आणि ढीग घसरला म्हणून पुन्हा रचताना पाचव्यांदा. फांदी काटेरी होती, त्यामुळे पाचही वेळांची नोंद माझ्या हातांवर राहिली.

हाताळणे या शब्दातच हात आहे. ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढच्या उचलणाऱ्या भुजांना, ग्रॅपल हा फांद्या पकडणारा पोलादी पंजा बसवल्यावर माझ्या कामात जो फरक पडला, तो याच मोजणीत पडला. पाचाचे दोन झाले, कधी एक, कधी शून्य. त्या शून्याबद्दल मला जे वाटते ते अजूनही पुरते सरळ नाही.

ट्रॅक्टरला लोडर आधीपासून होता आणि त्यावर बकेट होती. माती, खडी, खत यांच्यासाठी बकेट उत्तम. झुडपांसमोर ती अगदीच हतबल होते. फांद्यांचा भारा बकेटमध्ये बसत नाही, तो तिच्यावर नुसता टेकतो, आणि पहिल्या खड्ड्यात चाक गेले की अर्धा भारा खाली येतो. बकेट जमिनीला लावून ढकलावे तर फांद्यांबरोबर वरची चांगली मातीही खरवडून निघते. मग साखळी बांधून ओढायचे. त्यात अडचण ओढण्याची नसते, चढण्या-उतरण्याची असते. उतरा, साखळी अडकवा, चढा, ओढा, उतरा, सोडवा. संध्याकाळी गुडघे दुखायचे ते कष्टाने कमी आणि पायरीने जास्त.

ग्रॅपल दिसायला पंजा आहे आणि वागायला जबडा. खाली वाकड्या, जाड पोलादी दात्यांची रांग असते आणि वर तशाच दात्यांचे झाकण असते. झाकण तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरच्या जोरावर उघडते आणि मिटते. माझ्या ग्रॅपलच्या दात्यांमध्ये साधारण वीतभर अंतर आहे, आणि या यंत्राचे अर्धे शहाणपण त्या मोकळ्या जागेत आहे असे मी म्हणेन. फांद्या, मुळ्या, ओंडके अडकतात. माती, पालापाचोळा आणि लहान दगड गळून जमिनीवरच राहतात. भारा उचलल्यावर जागच्या जागी दोन-तीनदा हळू हलवला की मुळांना धरून आलेली मातीची ढेकळेही खाली पडतात. दगड वेचण्यासाठी दाते अधिक जवळजवळ असलेले प्रकार मिळतात, आणि बकेटवरच झाकण बसवलेलाही एक प्रकार असतो. पण झुडपे आणि मुळे काढायची असतील तर तळ उघडा असणेच हिताचे.

नव्याने पाहणाऱ्याला यंत्राच्या जोराचे अप्रूप वाटते, आणि ते अगदीच अनाठायी नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हे पास्कलने सतराव्या शतकात मांडले आणि जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ग्रॅपलचा जबडा त्यांच्याच वंशातला. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १७० बार दाबाचे तेल आले तर दट्ट्यावर सुमारे ३३ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ३.४ टन वजनाइतका जोर येतो. सिलिंडर बिजागरीजवळ आणि दात्यांची टोके दूर असल्यामुळे टोकाशी त्यातला थोडाच भाग पोहोचतो, पण बाभळीच्या ओंडक्याला जागेवर धरून ठेवायला तो भरपूर होतो.

मला मात्र जोरापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे कौतुक वाटते. माझ्या ग्रॅपलला दोन झाकणे आहेत, शेजारी शेजारी, आणि दोघांना तेल एकाच वाहिनीतून मिळते. डावीकडे जाड खोड आणि उजवीकडे नुसत्या डहाळ्या असा वेडावाकडा भारा आला, तर तेल आधी जिकडे अडथळा कमी तिकडे जाते. उजवे झाकण डहाळ्या दाबत खाली उतरत राहते, तोवर डावे खोडावर स्वस्थ टेकून असते. आणि दोन्ही बाजूंना सारखा विरोध झाला की दाब चढतो आणि दोन्ही झाकणे आवळली जातात. सिलिंडर दोन्हीकडे सारखे, म्हणून पकडही सारखी. यात कुठे संगणक नाही, संवेदक नाही. तेलाने सोपी वाट धरली एवढेच.

ते तेल तिथपर्यंत न्यायचे कसे, यावर मात्र माझे बरेच दिवस गेले. लोडरला मुळात दोनच कामे येतात, उचलणे-उतरवणे आणि पुढचे अवजार वर-खाली वळवणे. जबड्याचे उघडझाप हे तिसरे काम, आणि त्याला तेलाची तिसरी वाट हवी. सुरुवातीला मी सोपा मार्ग पत्करला. लिव्हरवरचे बटण दाबून धरले की वळवण्याचे तेल जबड्याकडे जाईल, बटण सोडले की पुन्हा वळवण्याकडे, अशी ती व्यवस्था होती. ती चालते, पण ग्रॅपल वळवणे आणि जबडा मिटणे एकाच वेळी होत नाही. भारा घसरू लागला की नेमके हेच दोन्ही एकदम करावे लागते. आपण हातातून निसटणारी वस्तू सावरताना मनगट वळवतो आणि बोटेही आवळतो, तसेच. वर्षभराने मी जबड्यासाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून घेतला आणि तेव्हा कुठे यंत्र हातासारखे वागू लागले.

शिकताना नुकसान झाले, आणि ते सगळे माझ्याच चुकांचे होते. पहिल्याच आठवड्यात दाते जमिनीकडे रोखून, नांगर चालवावा तशा वेगात मी पुढे गेलो, आणि कोपऱ्यातला दाता जमिनीतल्या न दिसणाऱ्या दगडाला अडकून वाकला. एकट्या कोपऱ्यावर आलेला असा धक्का दात्यावर थांबत नाही, तो लोडरच्या दोन्ही भुजांना पीळ देतो, हे मला नंतर कळले. दुसरी सवय मला वेळीच सोडता आली: दाते पूर्ण खाली वळवून ट्रॅक्टर मागे घेत कचरा ओढणे. त्या स्थितीत वळवणाऱ्या सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर आलेले असतात, आणि पूर्ण बाहेर आलेला लांब रॉड दाबाखाली वाकायला सर्वांत सोपा असतो. लोखंडाच्या ठोकळ्यासारखे दिसणाऱ्या यंत्रातही असे नाजूक सांधे असतात आणि ते नेमके जोराच्याच वाटेवर असतात.

माझ्या जागेत सर्वांत चिवट होती ती घाणेरी, जिला कुणी टणटणी म्हणतात. मूळची उष्ण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेचे झाड म्हणून जगभर गेली आणि आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियात तिने रानेच्या राने व्यापली. ती वरून कापली तर बुडख्यातून पुन्हा फुटते, आणि पूर्वीपेक्षा दाट होते. कोयत्याने मी अनेक वर्षे तिची निगाच राखत होतो म्हणायला हरकत नाही. ग्रॅपलने ती मुळापासून निघते, पण घाईने नाही. दाते जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून झुडपाच्या बुडाखाली हळूहळू सरकवायचे, जबडा मिटायचा, आणि मग सरळ वर न उचलता ग्रॅपल आपल्याकडे वळवायचा. लोडरचा वळवण्याचा जोर उचलण्याच्या जोरापेक्षा सहसा जास्त असतो. झुडूप आधी एका कडेने उठते, मुळ्या एकेक करून तुटतात, आणि शेवटी सगळा गड्डा मातीसकट बाहेर येतो. जमीन आतून ओलसर आणि वरून सुकलेली असेल तेव्हाच हे काम चांगले होते. कोरड्या ठणठणीत जमिनीत बुडखा तुटून मूळ आत राहते आणि महिन्याभरात वर येऊन आपल्याला ओळख दाखवते.

मोठ्या झाडांच्या खुंटांची गोष्ट वेगळी. तिथे आधी सभोवार चर खणून बाजूच्या मुळ्या तोडाव्या लागतात, आणि खुंट कमरेइतका उंच राखला तर पकडायला आणि हलवायला तरफ मिळते. जमिनीसरशी कापलेला खुंट म्हणजे मूठ नसलेले भांडे. उभे झाड लोडरने ढकलून पाडण्याचा मोह मात्र टाळलेलाच बरा, कारण हादऱ्याने वरची वाळलेली फांदी तुटली तर ती चालकाच्याच डोक्यावर येते.

वजनाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण याच बाबतीत माझी एकदा चांगली खोड मोडली. ट्रॅक्टर हे जन्माने ओढणारे यंत्र आहे. हॅरी फर्ग्युसनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांगर ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडून, हायड्रॉलिकने उचलता-दाबता येईल अशी रचना सिद्ध केली, आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरपासून ती सर्वदूर पसरली. तिचे मर्म हे की नांगराचा ताण मागच्या मोठ्या चाकांना जमिनीवर दाबून धरतो. लोडर याच्या अगदी उलट वागतो. तो भार पुढे, लहान चाकांच्याही पुढे लटकवतो, आणि पुढचा आस टेकू होऊन मागची मोठी चाके हलकी होत जातात.

माझ्या लोडरची क्षमता पिनेपाशी, म्हणजे भुजांना अवजार जिथे जोडले जाते तिथे, ५०० किलो आहे. ग्रॅपलचेच वजन १५० किलोच्या आसपास, म्हणजे उरले ३५०. आणि भारा पिनेपाशी नसतो, तो तिच्यापुढे हातभर तरी असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ९०० किलो धरले तर ३० सेंटिमीटर व्यासाचा तीन मीटर ओंडका १९० किलोचा होतो. व्यास ४० सेंटिमीटर झाला की तोच ओंडका ३४० किलोचा. डोळ्यांना दोन्ही ओंडके जवळजवळ सारखेच दिसतात. त्या दिवशी मी दुसरा उचलला, मागे काहीही वजन न जोडता, आणि उताराला लागलो. मागची चाके जमिनीवरून सुटली तेव्हा कोणताही आवाज झाला नाही. फक्त आसन किंचित वर गेले आणि ब्रेकवर दाबलेला पाय रिकामा गेल्यासारखा वाटला. बहुतेक लहान ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्याच चाकांना असतात. चाक हवेत असेल तर ब्रेक लावून काय होणार? मी भारा खाली टेकवला, आणि तो आधीच जमिनीपासून वीतभरच वर होता म्हणून ते पटकन जमले. तेव्हापासून मागे तीन-बिंदू जोडणीला वजनाची पेटी असल्याशिवाय मी ग्रॅपल उचलत नाही, आणि उतारावर चारही चाकांना गती जोडलेली ठेवतो, म्हणजे मागचे ब्रेक गिअरमार्फत पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतात.

भारा उंच धरून चालण्याचे आणखी दोन धोके आहेत. एक, भुजा पूर्ण वर असताना ग्रॅपल मागे वळला तर ओंडका भुजांवरून घरंगळत चालकाकडे येऊ शकतो. दुसरा, खुंट उपटलेल्या खड्ड्यात एका बाजूचे चाक गेले की उंचावरचे वजन ट्रॅक्टरला आडवे करायला पुरेसे असते. चालकाच्या मागे जी संरक्षक कमान असते ती स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती उभी असली पाहिजे आणि पट्टा बांधलेला असला पाहिजे. फांद्या अडकतात म्हणून कमान दुमडून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मीही काही दिवस त्यांच्यातलाच होतो, हे कबूल केलेले बरे.

तेलाच्या नळ्यांचाही असाच एक धडा आहे. झुडपातल्या काटक्या नळीला घासतात आणि एखाद्या दिवशी सुईच्या अग्राइतके छिद्र पडते. तेल कुठून येते हे बोटाने चाचपून पाहणे ही माणसाची सहज प्रवृत्ती, आणि इथे तीच घातक आहे. त्या दाबाची धार हातमोजा आणि त्वचा भेदून आत जाते. वरून टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत मात्र तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते. म्हणून इंजिन बंद करून दाब उतरवावा, आणि गळती शोधायचीच असेल तर नळीजवळ पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. मी नळ्यांना जाड कापडी वेष्टन चढवले आहे आणि त्या भुजांच्या आतल्या बाजूने बांधून घेतल्या आहेत.

आता त्या शून्याकडे येतो. हाताने काम करताना मला प्रत्येक झुडूप माहीत होत असे. आत मुंगळ्यांचे वारूळ आहे, या फांदीवर घरटे आहे, इथे जुन्या कुंपणाची तार गुंतली आहे, हे सारे पाच वेळा हात लागताना आपोआप कळायचे. आसनावर बसून जबडा मिटताना यातले काहीच कळत नाही. एका सकाळी मी एक दाट गड्डा उपटून ढिगाकडे नेत असताना त्यातून एक लहान पक्षी उडाला आणि माझ्या पुढे-मागे घिरट्या घालू लागला. मी थांबलो, उतरलो, जबडा उघडून पाहिले. घरटे होते, रिकामे होते की नव्हते हे सांगण्याच्या स्थितीत ते राहिले नव्हते. त्यानंतर आठ दिवस मी यंत्र सुरू केले नाही. काम कुणामुळे थांबले असे नव्हे, मीच टाळत होतो.

सध्याची माझी पद्धत अशी आहे की यंत्र आणण्याच्या आदल्या संध्याकाळी मी काठी घेऊन सगळा तुकडा पायी फिरतो. झुडपांत वाकून पाहतो, तार असेल तर कापून काढतो, मोठ्या दगडांवर चुन्याची खूण करतो, ठेवायच्या झाडांना कापडाची चिंधी बांधतो, आणि घरटे वापरात दिसले तर ते झुडूप त्या हंगामापुरते सोडून देतो. या फेरीला दोन तास लागतात. त्यात ट्रॅक्टरच्या आसाला गुंडाळली जाणारी तार वाचते हा फायदा रोकडा आहे. बाकीचे फायदे हिशेबात धरायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

याच फेरीत मी चाकांच्या वाटाही आखतो. जमिनीवर चाकाचा जो दाब बसतो त्यातला बराचसा पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बसून जातो, त्यानंतरच्या फेऱ्या तुलनेने कमी भर घालतात. म्हणजे सगळीकडे एकेकदा फिरण्यापेक्षा एकाच वाटेने वीस वेळा जाणे जमिनीला परवडते. यंत्राची सवय लागल्यावर माणूस नेमके याच्या उलट करतो, जिथून जवळ पडेल तिथून जातो, आणि पुढच्या वर्षी पाणी साचलेल्या डबक्यांवरून त्याच्या लहरींचा नकाशा वाचता येतो. चिखलात तर मी ट्रॅक्टर बाहेरच काढत नाही.

उपटलेले गड्डे मी लगेच ढिगावर नेत नाही, मुळे वर करून आठ-दहा दिवस तिथेच उन्हात उलटे पाडून ठेवतो. सुकलेली माती मग एका हलवण्यात झडते आणि जिथली तिथेच राहते. मातीसकट रचलेला ढीग धड जळत नाही, नुसता धुमसतो, आणि त्याखालची जमीनही भाजून निघते. मी जाळणे जवळजवळ सोडलेच आहे. जाड लाकूड वेगळे, बारीक फांद्या यंत्रातून चुरून आच्छादनाला, आणि एक ढीग हद्दीच्या कोपऱ्यात तसाच. ग्रॅपलने रचलेला ढीग हाताने रचलेल्यापेक्षा घट्ट बसतो, कारण बुडखे एका बाजूला ठेवून भारा सोडता येतो आणि वरून मिटलेल्या जबड्याने दाबता येतो. त्या कोपऱ्यातल्या ढिगात सरडे राहायला आले आहेत, मुंगूसही दिसते. त्या बाजूला मी ग्रॅपल नेत नाही.

दिवस संपला की ग्रॅपल सपाट जमिनीवर टेकवायचा, जबडा मिटायचा, इंजिन बंद करायचे आणि मग सगळे लिव्हर एकदा पुढे-मागे हलवायचे. नळ्यांत अडकलेला दाब त्याने उतरतो. हे विसरलो आणि नळ्या सोडवून ग्रॅपल दुसऱ्या दिवशी उन्हात तसाच राहिला, तर आतले तेल प्रसरण पावते आणि जोडाची टोके एकमेकांत बसता बसत नाहीत. मग पाना घेऊन अर्धा तास झटापट.

एवढे झाल्यावर यंत्राने सोडलेले काय ते समोर दिसते. वीतभर अंतरातून गळलेल्या बोटाएवढ्या काटक्या, मुळांचे तुकडे, घाणेरीच्या काळ्या फळांचे घोस. ग्रॅपल त्यांना धरू शकत नाही आणि त्या तशाच ठेवल्या तर फळांतले बी रुजणार. मी घमेले घेतो आणि उजेड असेपर्यंत त्या हातानेच वेचतो.